पारख्याच्या घरची काचेची शेगडी

२३ नोव्हेंबर

ओट्याला भोक पाडू देणार नाही. हे आज इथं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या बायकोच्या बोलण्यानं ढिला पडलो तर वाचून पुन्हा घट्ट होईन.

सकाळी चहाच्या वेळी पार्वता म्हणाली, "डिंपलकडे जाच्या आधी आपल्या घरी इंडक्शन बसवाचं आहे."

मी म्हटलं, "घे ना बाप्पा. टेबलावर ठेवाचं मिळते, ते आणू. लागलं तवा लाव, नाही तं ठेव फळीवर."

"तसं नोको. ओट्यात बसवाचं पायजे, काचेचं. अन् गॅस पुरा घरातून काढाचा. शेगडी, सिलिंडर, सब."

ओटा म्हणजे आमच्या घरातली एकच शानदार वस्तू. काळा ग्रॅनाइट, एकसंध, कुठं सांधा नाही. घर बांधलं तेव्हा मिस्त्रीच्या डोक्यावर उभा राहून बसवून घेतला होता. त्याच्या मधोमध चौकोनी भोक पाडायचं म्हणे! काहून? तर काहून नाही. नुसतं "बसवाचं आहे."

डिंपल आमची एकुलती पोरगी, भंडाऱ्याला दिली आहे. पहिलं बाळंतपण इथं सिहोऱ्याला, माहेरीच व्हायचं होतं, पण डॉक्टरीणबाईनं गाडीचा प्रवास नको म्हटलं. म्हणून पार्वताच तिकडे जाणार, चांगली महिना-दीड महिना. मी इथं एकटा. मला चहा येतो, भात येतो, आलूची भाजी येते, उपाशी मरणार नाही. पण ही म्हणते, इंडक्शन बसल्याबिगर घरातून पाय काढणार नाही. म्हणजे पोरीचं बाळंतपण गहाण ठेवून माझ्याकडून शेगडी घ्यायची.

नाकाडोंगरीला हिची बहीण रुखमिणी आहे. तिच्या घरी मागच्या दिवाळीत तसलं बसलं. तेव्हापासून हिच्या डोक्यात किडा शिरला असणार. बहिणी-बहिणीची ईर्षा, दुसरं काय!

२५ नोव्हेंबर

उदबत्तीचा नवा पुडा आणला. यालाही वास नाही. दुकानदाराला म्हटलं, "काड्या विकून राहिला का रे?" तो म्हणे, "काकाजी, पुरं दुकान घमघमून राह्यलं ना!" व्यापारी माणूस तोंडावर खोटं बोलतो आणि वरून हसतो.

हे मला सांगतो! जन्मभर तुमसरच्या राईस मिलमध्ये धान पारखला मी. मूठभर तांदूळ तळहातावर चोळायचा, त्याला तोंडाची वाफ द्यायची आणि नाकाशी न्यायचा. आमच्याकडचा वासाचा चिन्नोर तांदूळ असला की तो वास असा उठायचा की दुसऱ्याला विचारायचं काम नाही. मी "पास" म्हटलं की पोतं आत, "वापस" म्हटलं की बैलबंडी माघारी. मालकसुद्धा माझ्या शब्दाबाहेर नव्हते. नाकवाले हिरालालजी म्हणायचे मला. अजून म्हणतात.

गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात तो लांबलेला ताप आला होता. त्यातून उठलो तेव्हापासून पाहतो, दुनियेत भेसळ फार वाढली. चहापत्तीत दम नाही, हिंगात दम नाही, सांबार म्हणून आणलेली कोथिंबीर नुसतं हिरवं गवत. पार्वताच्या हातची चवही गेली. मी वरून तिखट-मीठ घेतो, ती काही म्हणत नाही. एक सवय मात्र तिला नवीनच लागली. भाताचं झाकण काढलं की मी तोंड उघडायच्या आत ही म्हणते, "अगं माय, काय वास सुटला जी!" पारखी मी, दवंडी हिची.

२८ नोव्हेंबर

आज दुधावरून तमाशा झाला.

दूध गॅसवर ठेवलं आणि तिथंच खुर्ची टाकून पेपर वाचत बसलो. थंडी म्हणून खिडकी लावलेली. दूध उतू जाऊन जाळ विझला असावा. मी धानाचे भाव वाचत होतो, माझं लक्ष नव्हतं. आत अंधारल्यासारखं वाटलं म्हणून दिवा लावायला उठलो, तेवढ्यात पार्वता अंगणातून किंचाळतच आली.

"बटनाले हात नोका लावू!"

तिनं गॅस बंद केला, दारं-खिडक्या धडाधड उघडल्या आणि मला दंडाला धरून अंगणात ओढलं, चोर ओढावा तसं. शेजारच्या ललिताबाई भिंतीवरून पाहत होत्या. भांडंभर दुधासाठी एवढा बोभाटा!

मी म्हटलं, "जरासा गॅस सुटला असंन. जास्ती असता तं मले कळला नसता का? जिंदगीभर नाकावर पोट भरलं म्या!"

तिनं आत जाऊन पुन्हा एकदा गॅसचं बटण पाहिलं.   मग तुळशीजवळ जाऊन बसली ती बराच वेळ उठलीच नाही. उमर झाली की माणूस भित्रं होते, हेच खरं.

३० नोव्हेंबर

तुमसरला जाऊन आलो. पाहायला काय हरकत आहे, पाहिलं म्हणजे घेतलं असं नाही.

दुकान योगेंद्रचं. पोट्टा बोलायला बेस आहे. त्यानं काचेची एक-एक पाटी दाखवली. दोन चुलींची, चार चुलींची. बटणं नाहीत, काचेवर बोट ठेवायचं. मी कामाचे प्रश्न विचारले. ओलं बोट चालते का, वरून भाताचा गंज, पातेलं पडलं तर काच फुटते का, लाइनचा दाब कमी-जास्त झाला तर काय, बिघडलं तर माणूस सिहोऱ्याला येते का. त्यानं सांगितलं, हिला मीटरपासून वेगळी जाड तार ओढावी लागते, खाली हवेला जागा सोडावी लागते आणि ओटा कापायचा तर कंपनीच्या कागदी मापानंच कापायचा, बोटभर चुकला तर ग्रॅनाइट गेला. खिशातून चुंबक काढून म्हणाला, "ज्या गंजाले हे चिकटंन तोच चालंन, काकाजी. जर्मनचा, म्हंजे अल्युमिनियमचा, नाही चालत."

"अन् वांगं कशावर भाजू? काचेवर?"

"अंगणात गोवरीवर भाजा ना काकाजी. भरीत अजून बेस होते."

पार्वतानं एकच गोष्ट विचारली. "मानूस भुलला तं आपोआप बंद होते काय?"

"होते काकू. गंज उचलला का बंद. कोरडा पडून तापला का बंद. टाइम लावून देला तं टाइमावर बंद."

"अन् जाळ?"

"जाळच नाही त्याले."

तिनं मान हलवली, झालं. रंग नाही विचारला, वॉरंटी नाही विचारली. योगेंद्र बिचारा स्वतःच म्हणाला, "दोघंच जण आहा तं वर ठेवाचं घ्या, कापाकापी कायले?" तर ही म्हणते, "वर ठेवाचं घेतलं तं उद्या हे त्याले खाली सरकवतीन अन् गॅस परत मांडतीन. भोक पाडलं का शेगडीले जागाच नाही रायत."

योगेंद्र हसला. मला हसू आलं नाही. हिनं माझी खोडी बरोबर ओळखली होती, माझ्या मनात तेच होतं.

३ डिसेंबर

आज आनंदरावशी बिनसलं. मन खराब आहे.

आनंदराव माझा शाळेपासूनचा जोडीदार. बापाच्या हातचं चिन्नोरचं बियाणं त्यानं अजून जपून ठेवलं आहे. दरसाल पहिला तांदूळ भरडून आणला की आधी माझ्याकडे येतो. पार्वता शिजवते, मी "पास" म्हणतो, मग तुमसरची त्याची गिऱ्हाइकं डोळे मिटून घेतात. आज आला तेव्हा पार्वता नाकाडोंगरीला गेलेली, बहिणीकडची शेगडी नीट पाहून येते म्हणून. मी म्हटलं, शिजवायची काय गरज? पारखी बसला आहे ना समोर!

तळहातावर चोळला. वाफ दिली. नाकाशी नेला. काही नाही. पुन्हा केलं. भुसा चोळल्यासारखं.

मैत्री मैत्रीच्या ठिकाणी, धान धानाच्या ठिकाणी. मी म्हटलं, "आनंदराव, वापस. बियाण्यात मिसळ झाली तुया."

तो म्हणाला, "हिरालाल, माह्या बाच्या हातचं बियाणं आहे हे." मग उठला आणि चहा न घेता गेला. पिशवी तिथंच राहिली. ओसरीवर दुसरेही दोघं-तिघं बसले होते, म्हणजे ही गोष्ट गावभर होणार. पण मी खोटं कसं बोलू?

पार्वता आली, ऐकलं आणि मटकन बसली. "माही वाट काहून नाही पायली जी?"

"तू काय पारखी आहेस?"

तिनं त्याच तांदळाचा भात मांडला. झाकण काढलं आणि नुसती उभी राहिली. आज दवंडी नाही, काही नाही. पदरानं डोळे पुसले, वाफ गेली असेल. म्हणजे तिलाही वास आला नाही. म्हणजे मी म्हटलं तेच खरं.

५ डिसेंबर

डिंपलचा फोन. "बाबा, आईले काहून अडवून ठेवलं? बसवून टाका ना ते. माह्यासाठी." आवाज रडवेला. माय-लेकी मिळून आहेत, हे मला आधीच समजलं होतं.

फोन ठेवून मी भडकलोच. "लाइन गेली तं काय करशीन? खेडं आहे हे! काच चाटशीन का?"

"उपाशी राहू," ती शांतपणे म्हणाली. "एका जेवनानं कोनी मरत नाही जी."

"मग एक कारण सांग. एकच सांग. पटलं तं उद्या मिस्त्री बोलावतो."

 काहीतरी ओठावर आलं होतं, ते तिनं गिळलं. मग खाली पाहून म्हणाली, "रुखमिणीकडे आहे म्हून."

पाहा! मी पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं. खरं सांगतो, मनातून बरं वाटलं. आपण बायकोला आरपार ओळखतो याचं एक सुख असते. म्हटलं, जाऊ दे, जन्मात कधी तिनं दागिना मागितला नाही, बहिणीची बरोबरी करू दे एकदाची. हो म्हणून टाकलं. ती रडली. एवढ्याशा शेगडीसाठी!

९ डिसेंबर

भोक पडलं.

मिस्त्रीनं कागदी माप चिकटवलं, कडेनं रेघ मारली आणि पाणी सोडत मशीन चालवलं. काळा चिखल सगळीकडे उडाला. मी अंगणात जाऊन उभा राहिलो, पाहवलं नाही. चौकोन निघाला तेव्हा त्यानं तो माझ्या हातात दिला. चांगला जड होता. तुळशीजवळ पायरीला लावीन.

काच बसली. दोन चुलींची. तारवाल्यानं वेगळी तार ओढली, वेगळं बटण लावलं. पार्वतानं घरातल्या एकूण एक भांड्याला चुंबक लावून पाहिला. जर्मनचे गंज आणि गॅसची शेगडी ललिताबाईला देऊन टाकली, सिलिंडर एजन्सीच्या गाडीवर चढवले. गाडी वळणापार जाईपर्यंत ही दारात उभी. मग पायरीवर बसून असा श्वास सोडला की जणू अंगावरचं पोतं उतरलं. शेगडीकडे मात्र धड पाहिलंही नाही तिनं. ईर्षेनं घेतलेली वस्तू अशीच असते, हातात आली की उतरली मनातून.

१२ डिसेंबर

पार्वता गेली भंडाऱ्याला. बसमध्ये चढेपर्यंत एकच पाठ. "कोनाचा गॅस मांगून आणू नोका. अंगनात जाळ करसान तं तठून उठू नोका."

शेगडी वाईट नाही. चहा ठेवून मी टीव्हीपुढे विसरलो. येऊन पाहतो तर पाणी आटलेलं आणि काच आपली चूपचाप बंद. कुणी ओरडलं नाही, कुणी दंड धरला नाही. घर फार शांत आहे.

१४ डिसेंबर

डब्यातला तांदूळ संपला होता. आनंदरावची पिशवी तशीच फळीवर होती. म्हटलं, वास नसला तरी पोट भरते. भात मांडला. शिजला तेव्हा झाकण काढलं.

भिंतीपलीकडून ललिताबाई म्हणाल्या, "भाऊजी, चिन्नोर मांडलं काय आज? कोनाचं आहे? आमच्या सपरीत घमघम येऊन राह्यली!"

मी गंजावर वाकून उभा होतो. वाफ नाकातोंडात जात होती. ललिताबाई तिकडे, भिंतीपलीकडे. मी इथं, गंजावर. मला काही येत नव्हतं.

मग मी वेड्यासारखा सुटलो. हिंगाची डबी उघडली. काही नाही. देवाजवळचा कापूर, काही नाही. फिनाइलची बाटली नाकाला लावली तर आत चुरचुरलं फक्त, वास नाही. उदबत्तीचे ते सगळे पुडे काढून एकदम पेटवले. खोली धुरानं भरली, डोळे झोंबले. ललिताबाई पुन्हा म्हणाल्या, "अगं बाई, आज काय पूजा आहे काय?"

नाक गेलं आहे माझं. उदबत्तीचा वास नाही गेला, चिन्नोरचा नाही गेला. माझं नाक गेलं आहे, त्या तापातच गेलं असेल.

जमिनीवर बसलो. मग एक-एक करून समोर यायला लागलं. ते दूध. दिव्याच्या बटणाकडे गेलेला माझा हात. घर उडालं असतं आणि मी पेपर वाचत असतो. पार्वताला सगळं माहीत होतं. मी कारण मागितलं तर तिनं बहिणीची ईर्षा सांगितली. स्वतःकडे कमीपणा घेतला आणि माझं नाक शाबूत ठेवलं. आणि मला त्या दिवशी मनातून बरं वाटलं होतं.

रडलो. इथं लिहायला काय लाज?

तेवढ्यात तिचाच फोन. "जेवले काय जी? भात कसा झाला?"

मी म्हटलं, "बेस." आणि फोन ठेवला.

१५ डिसेंबर

सकाळीच आनंदरावच्या खळ्यावर गेलो. त्यानं पाहिलं आणि पाठ फिरवली.

मी म्हटलं, "आनंदराव, तुया तांदूळ पास आहे."

"आता कायले? गावभर तं होऊन गेलं. तुमसरवाले इचारून राह्यले, तुह्या बियाण्यात काय मिसळलं म्हून."

"माहं नाक गेलं, बापा. मले वासच येत नाही. त्या तापापासून."

तो वळला. माझ्याकडे पाहत हळूहळू खाली बसला. मग एकदम म्हणाला, "मंग मागच्या साली मले पास कोनं केलं?"

मी उत्तर देता देताच मला समजलं. "पार्वतानं. झाकण काढे अन् आधी ती बोले. मी तिच्या मागून."

आनंदराव पोट धरून हसला. "म्हंजे मिलची नोकरी वयनीलेच द्याले पायजे होती!" हसता हसता त्यानं माझा हात धरला आणि सोडला नाही.

दुपारी दोघं तुमसरला गेलो. त्याच्या गिऱ्हाइकांच्या दुकानी मी स्वतः उभा राहून सांगितलं, चूक तांदळाची नाही, माझ्या नाकाची आहे. एका दुकानी जीभ फार जड झाली. तिथं जुने मिलवाले बसले होते. कुणी हसलं नाही, उलट खुर्ची पुढे केली. पण नाकवाले हिरालालजी आज त्या दुकानात संपले, हेही खरं.

आनंदरावच्या घरच्यांनी पायलीभर तांदूळ बांधून दिला. बाळंतिणीला म्हणून.

२१ डिसेंबर, भंडारा

नात झाली. डिंपल बरी आहे. जवाई मिठाई वाटत हिंडून राहिले.

मी पोहोचलो तेव्हा डिंपल झोपली होती. पार्वतानं कापडात गुंडाळलेला जीव माझ्या हातात दिला. हात केवढेसे, मुठी मिटलेल्या. मी तोंडाची वाफ दिली आणि तिचं डोकं नाकाशी नेलं. हाताला तीच सवय, दुसरं काही त्याला येतच नाही. नेलं आणि तिथंच थांबलो.

काहीच नाही. गरम होतं, मऊ होतं. वास नाही.

पार्वता माझ्याकडे पाहत होती. तिच्या ओठावर ती दवंडी आली होती, मला दिसलं. मी तिला बोलू दिलं नाही.

"पार्वता, मले येत नाही."

तिनं नातीचं कापड सारखं केलं. मग म्हणाली, "मले माईत आहे."

"सांगितलं काहून नाही?"

"कोन्या तोंडानं सांगू जी? तुमचं सारं त्यातच होतं." मग हळूच, "शेगडी ठीक चालून राह्यली ना?"

"चालून राह्यली. रुखमिणीपेक्षा बेस आहे आपली."

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मी पोरीला तिच्यापुढे धरलं. म्हटलं, "तू पाय. नीट पाय अन् मले सांग."

पार्वतानं डोळे मिटले. पोरीच्या टाळूवर हळू वाफ दिली, मी देत होतो तशी, आणि वाकून कितीतरी वेळ वास घेतला. "दुधाचा आहे," ती म्हणाली. "थोडासा तेलाचा. अन् त्याच्या मधोमध..." पुन्हा वाकली. "अगं माय, काय वास सुटला जी! नव्या चिन्नोरचा."

मी म्हटलं, "पास."